व्याह्यांचा स्कोअर

गोल्फच्या स्कोअरकार्डवर एका होलासाठी, म्हणजे सुरुवातीपासून खड्ड्यापर्यंतच्या एका टप्प्यासाठी, एकच चौकोन असतो आणि त्यात एकच आकडा बसतो, फटक्यांचा. पाच म्हणजे पाच. पहिला फटका झाडीत, दुसरा कसाबसा बाहेर काढलेला, तिसरा नशिबाने ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर, आणि मग दोन पट, म्हणजे तिथून बॉल खड्ड्याकडे घरंगळवायचे फटके, तरी पाच. पहिला मधोमध, दुसरा थेट ग्रीनवर आणि पुढे घोळ घालत तीन पट, तरीही पाचच. संध्याकाळी बेरीज करायची, मान हलवायची आणि घरी जायचं. नक्की कुठे काय बिघडलं, हे त्या कार्डाला विचारून उपयोग नाही.

माझं आयुष्य अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या तपासणी खात्यात गेलं. त्यामुळे असा नुसता एकूण आकडा दिसला की माझा हात शिवशिवतो. ‘आज माल खराब निघाला’ असं कुणी म्हटलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे : कशाने? ताणा तुटला, बाणा सुटला, लूप ओढला गेला, तेलाचा डाग पडला की शिलाईत गेलं? प्रत्येकाचा धनी वेगळा, इलाजही वेगळा. नुसतं ‘खराब’ म्हणून साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, माणसाला ओरडलं तर तोही ओरडतो आणि डाग तिथेच राहतो.

आता सोलापूरच्या माणसाचा गोल्फशी काय संबंध, हे सांगायला हवं. संबंध दोन. पहिला टॉवेलचा. गोल्फच्या बॅगेला एक छोटा टॉवेल लटकत असतो. उभा तिघडी केलेला, वरच्या कडेला मधोमध पितळी आयलेट आणि त्यात हुक. क्लबचं, म्हणजे फटका मारायच्या काठीचं, तोंड, बॉल, हात, सगळं त्याला पुसायचं. आमच्याकडे परदेशी ऑर्डरीत हा माल यायचा आणि त्या आयलेटने आमचा जीव खाल्ला होता. ओला, जड झालेला टॉवेल हुकाला हिसके खात दिवसभर हिंडतो, मग आयलेटच्या भोवतीचं कापड उसवतं. मागे जादा पट्टी लावल्यावर तक्रार मिटली. तेव्हा मी गोल्फ टीव्हीवर पाहायचो तो टॉवेलसाठी. लोक फटका बघायचे, मी बॅग.

दुसरा संबंध सोयरिकीचा. लेक पुण्यात दिली आणि व्याही निघाले सैन्यातले निवृत्त कर्नल, पक्के गोल्फवाले. लग्नानंतर मी पहिल्यांदा राहायला गेलो तर पहाटेच दार वाजलं. ‘अण्णा, चला, तुम्हाला आमचं मैदान दाखवतो.’ व्याह्यांना नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर अठरा होल त्यांच्यामागे चाललो, पायांचे तुकडे पडले आणि त्या दिवसापासून मला हा खेळ आवडायला लागला. खेळायला नव्हे. अधूनमधून क्लब हातात घेतो, पण माझा खरा जीव बघण्यात आणि लिहिण्यात.

कर्नलसाहेबांचं दुखणं एकच : पटिंग. निदान त्यांच्या मते. घरी कोपऱ्यात पाच-सहा पटर उभे आहेत, दर दिवाळीला त्यांत भर पडते. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर रात्री बॉल घरंगळवणं चालतं आणि तो सोफ्याखाली गेला की विहीणबाई झाडू घेऊन येतात. चार फुटांवरचा पट चुकला की साहेब तिथेच थिजतात. आकाशाकडे बघतात. लोहगावचा विमानतळ जवळच असल्यामुळे वरून कधी सुखोई गेलेलं असतं, मग दोष त्याचा. तो चुकलेला पट गाडीत, जेवताना, दुसऱ्या दिवशी चहाला, सगळीकडे सोबत असतो.

मी मागे चालत होतो आणि मला वेगळंच दिसत होतं. पण व्याह्यांना कसं सांगणार? लेकीने आधीच तंबी दिली होती, ‘बाबा, त्यांना खेळाबद्दल काही बोलू नका हं, प्लीज.’ मग मी आपली एक आडवी वही घेतली, आमच्या खात्यात असायची तशी, लाल कडांची. बोलायचं नाही असं ठरलं होतं. लिहायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

गोल्फचा हिशेब ठेवणारे लोक सर्वसाधारणपणे तीन गोष्टी लिहितात. पहिला फटका फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यात पडला की नाही. ग्रीन वेळेत गाठलं की नाही. आणि पट किती लागले. ‘वेळेत’ म्हणजे पारपेक्षा, म्हणजे त्या होलासाठी ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, दोन कमी फटक्यांत, कारण प्रत्येक पारमध्ये दोन पट गृहीत धरलेले असतात. पार तीनला एका फटक्यात, चारला दोनांत, पाचला तीनांत. तिन्ही रकाने सोपे, टिकमार्क करायचे. मीही तिथूनच सुरुवात केली आणि काही फेऱ्यांतच लक्षात आलं की हे तीन रकाने एकमेकांवर ढकलाढकली करतात.

पटांचंच घ्या. ज्या दिवशी साहेबांचा खेळ सगळ्यांत वाईट झाला, त्या दिवशी त्यांचे पट सगळ्यांत कमी होते. म्हणाले, ‘अण्णा, स्कोअर सोडा, आज पटिंग सुधारलं बरं का!’ झालं होतं असं की त्यांनी जवळजवळ एकही ग्रीन वेळेत गाठलं नव्हतं. ग्रीनच्या कडेवरून चिप करत, म्हणजे हलकेच उचलत, बॉल होलाजवळ आणायचा आणि एका पटात आत घालायचा. पट एक, फटके पाच. उलट ज्या दिवशी ग्रीन भराभर सापडतात, त्या दिवशी पहिला पट लांबून येतो आणि पटांची बेरीज फुगते. म्हणजे पट मोजून पटिंग कळत नाही. पट कुठून मारला ते माहीत हवं.

म्हणून मी अंतर लिहायला लागलो, पावलांत. माझी तीन पावलं साधारण आठ फूट भरतात. या आठ फुटांना गोल्फमध्ये मोठा मान आहे : जगातले नावाजलेले व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून निम्मेच पट आत घालतात. तीन फुटांवरून शंभरात शहाण्णव, पाच फुटांवरून सत्त्याहत्तरच्या आसपास, दहा फुटांवर चाळीस आणि वीस फुटांवर पंधरा. होल सव्वाचार इंचांचं, गवत उताराचं, दुसरं काय होणार? आपल्याला टीव्हीवर दिसतात ते त्या दिवशी पुढे असलेले खेळाडू, म्हणजे ज्यांचे पट त्या दिवशी पडतायत तेच. बाकीचे चुकवणारे कॅमेऱ्याच्या बाहेर चुकवत असतात. साहेब मात्र आठ फुटांवरचा गेला की कपाळाला हात लावतात.

हे आकडे माझ्या पदरचे नाहीत. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर प्रत्येक फटका कुठून कुठे गेला, याची मोजून नोंद ठेवतात, ‘शॉटलिंक’ म्हणतात त्या व्यवस्थेला. त्या ढिगाऱ्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले मार्क ब्रॉडी नावाचे प्राध्यापक शिरले. अमुक अंतरावरून, अमुक जागेवरून बॉल होलात घालायला चांगल्या खेळाडूला सरासरी किती फटके लागतात, याचं कोष्टक त्यांनी मांडलं आणि प्रत्येक फटक्याची किंमत त्यावरून काढली. ‘स्ट्रोक्स गेन्ड’ नावाने हा हिशेब 2011 साली पीजीए टूरने पटिंगसाठी अधिकृतपणे घेतला आणि पुढे बाकीच्या फटक्यांनाही लावला.

मला ही पद्धत वाचताक्षणी ओळखीची वाटली. कापडाच्या तपासणीत चार पॉइंटांची पद्धत असते. दोष तीन इंचांपर्यंत असेल तर एक पॉइंट, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्याच्या पुढे चार. दोष मोजायचे नाहीत, दोषांचं वजन मोजायचं. पाच बारीक गाठी असलेलं थान चालून जातं आणि दोनच लांब पट्टे असलेलं परत येतं. ब्रॉडींनी गोल्फच्या फटक्याला हेच केलंय. चुकलं एवढंच लिहायचं नाही, कितीने महाग पडलं ते लिहायचं.

आता एक होल घेऊन बसतो, कारण हा प्रकार नुसता सांगून कळत नाही. चारशे यार्डांचा पार चारचा होल. कोष्टकाप्रमाणे व्यावसायिकाला तिथे सरासरी 3.99 फटके लागतात. साहेबांनी टीवरून, म्हणजे होल सुरू होतो त्या जागेवरून, बॉल सरळ, फेअरवेवर, दोनशे यार्डांवर टाकला. आम्ही सगळे ‘वा’ म्हणालो. उरलेल्या दोनशे यार्डांना कोष्टकात 3.19 आहेत. म्हणजे एक फटका खर्चून 3.99 वरून 3.19 वर आले, एकाऐवजी 0.80 ची कमाई. तोटा 0.20. दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे वीस यार्डांवर, लांब गवतात मेला. तिथून 2.59 लागतात. तोटा 0.40. तिसरा, चिप, होलापासून वीस फुटांवर थांबली. वीस फुटांना 1.87. तोटा 0.28. मग पहिला पट अगदी कडेवरून गेला, साहेबांनी पटर हवेत फिरवला, दुसरा सहज आत घातला. वीस फुटांवरून दोन पट म्हणजे तोटा फक्त 0.13.

बेरीज केली तर 1.01, बरोबर 3.99 आणि पाचातला फरक. एका होलावर एक फटका गेला, त्यात पटिंगचा वाटा सगळ्यांत कमी आणि दुसऱ्या फटक्याचा सगळ्यांत जास्त. पण घरी येईपर्यंत चर्चा कशाची? त्या कडेवरून गेलेल्या पटाची. कारण तो जवळ होता. चार माणसं श्वास रोखून उभी होती. दोनशे यार्डांवरून मारलेला बॉल ग्रीनच्या अलीकडे पडला तर कुणी श्वास रोखत नाही, ‘ठीक आहे, जवळ आलात’ म्हणतात आणि चालायला लागतात. महाग चूक अशी बिनबोभाट होते.

साहेबांची तुलना जगातल्या उत्तमांशी करणं अन्यायाचं आहे, हे मला कळतं. कोष्टक फक्त पट्टी आहे. आपण पट्टीएवढे लांब असावं असं नाही, पण बाजू लहान-मोठी कुठली ते कळतं. ब्रॉडींनी वरच्या फळीतल्या खेळाडूंचं पाहिलं तेव्हा त्यांना इतरांपेक्षा मिळणाऱ्या फायद्यात साधारण 40 टक्के वाटा ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांचा, 28 टक्के टीवरच्या फटक्याचा, 17 टक्के ग्रीनजवळच्या छोट्या खेळाचा आणि पटिंगचा 15 टक्केच निघाला. पटिंग म्हणजेच सगळं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या लोकांना हे पचायला जड गेलं. आमच्या घरात तर अजून गेलेलं नाही.

साहेबांकडे त्यावर हुकमी उत्तर आहे : अदिती अशोक. 7 ऑगस्ट 2021. त्या शनिवारी पहाटेपासून देशातल्या लोकांनी टोकियोच्या ऑलिंपिकचं गोल्फ बघितलं, ज्यांना बर्डी म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यांनीही. ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सकाळची हळहळ त्यात बुडून गेली. लांब मारण्यात ती बाकीच्यांच्या कितीतरी मागे होती आणि पटिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे. ‘बघा!’ साहेब म्हणतात. मी एवढंच म्हणतो की एखाद्या आठवड्यात पट पडायला लागले तर माणूस पदकापर्यंत जातो, हे खरंच. ब्रॉडींचा हिशेबही तेच सांगतो : स्पर्धा जिंकणाऱ्याच्या त्या आठवड्यात पटिंगचा वाटा वाढलेला असतो. वर्षाच्या हिशेबात तो खाली येतो. आणि त्या मुलीचा बॉल ग्रीनवर तरी जात होता, हे वाक्य मी गिळतो.

वही मी परतीच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये भरतो. मैदानावर नुसत्या खुणा, गाडीत बसल्यावर नीट मांडणी. कुर्डुवाडीपर्यंत काम होतं. सोलापुरात संध्याकाळी पार्क चौकात आमचा जुन्या मंडळींचा अड्डा बसतो. कुणी गिरणीतले, कुणी पूर्व भागातले यंत्रमागवाले. तिथे वही निघाली की गंमत.

‘का बे, पोरगी दिलीस त्या घरी, आणि वर मार्क पण लिहितोस?’

‘जावयाच्या बापाला नापास करतोस काय बे?’

पण यंत्रमागवाला मित्र वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. गोल्फ त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, ‘हे अलीकडे-अलीकडे-अलीकडे काय लिहिलंय बे सगळीकडे?’

ग्रीन चुकलं तर कुठल्या बाजूला चुकलं, याचा एक रकाना मी घातला होता. अलीकडे, पलीकडे, डावीकडे, उजवीकडे. टिकमार्कांनी जे सांगितलं नव्हतं ते या रकान्याने सांगितलं. डावी-उजवी जवळपास सारखी. पलीकडे कोरं. आणि ‘अलीकडे’ पानभर, एकाखाली एक. मैदानावर साहेबांची बॅग वाहणाऱ्या कॅडीने मला हे केव्हाच सांगितलं होतं. पोरसवदा मुलगा, येरवड्यातच वाढलेला, त्याच्या डोक्यात सगळ्या मेंबरांच्या वह्या आहेत. साहेब पुढे गेल्यावर हळूच म्हणाला होता, ‘सर कमी क्लब घेतात. मी सहा नंबर काढून देतो, सर सात मागतात.’

क्लबाच्या नंबराचं असं आहे की नंबर जितका मोठा तितका बॉल उंच आणि कमी लांब जातो. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात, प्रत्येकाचं अंतर ठरलेलं. पण ठरवतं कोण? माणूस आपलं अंतर धरतो ते आयुष्यातल्या उत्तम फटक्यावरून. साहेबांचा सात नंबर दीडशे यार्ड जातो. गेला होता, एकदा, पोस्टिंगवर असताना, पाठीवर वारा घेऊन. तेव्हापासून तो दीडशेच जातो. वहीत बघितलं तर आज तो एकशे तीसच्या आसपास पडतोय. मधले वीस यार्ड म्हणजे ग्रीनच्या अलीकडचा बंकर, वाळूचा खड्डा. हौशी खेळाडू जगभर असेच अलीकडे पडतात, साहेब काही एकटे नाहीत. पण सैन्यातल्या माणसाला ‘एक नंबर खाली उतरा’ हे कोण सांगणार?

मी घाई केली नाही. याचं कारण निव्वळ भीती नव्हती. एका फेरीत अठराच होल, त्यात लांबून ग्रीनकडे मारायचे फटके तेवढेच. एका टॉवेलावरून साचा थांबवत नाहीत. वारा, ओलं गवत, रात्रीची झोप, सगळं त्यात मिसळलेलं असतं. एका पानावरून निष्कर्ष काढणारा तपासनीस पहिल्या आठवड्यात हाकलला जातो. वही अर्धी भरू दिली, मग एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात गोषवारा काढला, वर नाव न लिहिता, आणि पुढच्या खेपेला शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या पिशवीबरोबर पुण्याला नेला.

चहाच्या वेळी कागद साहेबांच्या पुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी तो वरून खालपर्यंत वाचला, फौजी पद्धतीने, ओळीवर बोट ठेवून.

‘कोण हा, अण्णा?’

‘आहेत एक ओळखीचे.’

‘बिचारा. प्रत्येक वेळी एक क्लब कमी घेतोय. पटिंग बरं आहे त्याचं. सांगा की त्याला.’

‘सांगतो,’ मी म्हटलं. स्वयंपाकघरात विहीणबाईंना ठसका लागला. लेकीने माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही.

त्यांनी ओळखलं की नाही? तळटिपेत ‘सुखोईमुळे चुकलेले पट’ अशी नोंद होती. पुण्यात अशी तक्रार करणारे अनेक असतील, पण मला शंका नाही. तो कागद कुणाचा, हा विषय आम्ही दोघांनीही त्यानंतर काढलेला नाही, आणि व्याह्यांमध्ये तेच शोभतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा नंबर मागितला. कॅडीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काढून दिला. बॉल ग्रीनवरून गेला आणि मागच्या उतारावर पडला. ‘बघा,’ साहेब म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. मी वहीत ‘पलीकडे’ या रकान्यात पहिली खूण केली. मला तर बरंच वाटलं. रकाना कोरा असणं हेच खरं दुखणं होतं, अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे पडायला लागलं की समजावं नेम होलाच्या आसपास आलाय.

त्यानंतर ग्रीन जास्त मिळायला लागली, स्कोअर हळूहळू उतरला. आणि पटांची बेरीज वाढली! वाढणारच होती, पहिला पट आता ग्रीनच्या दुसऱ्या टोकावरून यायला लागला. साहेबांनी एक नवा पटर घेतला. मी काही बोललो नाही, बाजार चालायला हवा.

लिहिण्याची एक किंमतही आहे आणि ती मी पाहिली. वही उघड झाल्यावर साहेब वहीसाठी खेळायला लागले. फेअरवेच्या रकान्यात टिक पडावी म्हणून टीवर ड्रायव्हरऐवजी, म्हणजे सगळ्यांत लांब मारणाऱ्या क्लबऐवजी, लोखंडी पाच नंबर घ्यायला लागले. टिका भरभरून पडल्या, पण दुसरा फटका एवढा लांबून यायला लागला की ग्रीन दुरापास्त. कारखान्यातही हेच होई. दिवसाच्या मीटरवर बोनस लावला की मीटर वाढत आणि डागही. मी तो फेअरवेचा रकाना सरळ काढून टाकला. तसाही तो रकाना भोळा आहे. फेअरवेपासून हातभर बाजूला बॉल पडला तरी ‘चुकला’ आणि भिंतीपलीकडे रस्त्यावर गेला तरी ‘चुकला’च. एकाची किंमत जवळजवळ शून्य, दुसऱ्याची दंडासकट दोन फटके. त्या जागी आता एकच प्रश्न आहे : दुसरा फटका ग्रीनकडे मारता आला का? ‘हो’ किंवा ‘नाही’. यात लांब मारण्याची हौसही भागते आणि भिंतीचा धाकही राहतो.

हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूची कुवत सांगणाऱ्या आकड्याचं, मी बोललो नाही, कारण त्याने कुठे बिघडलं ते कळत नाही. 2020 पासून जगभर एकच पद्धत आली, शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठांची सरासरी. म्हणजे माणूस चांगल्या दिवशी काय करू शकतो त्याचा अंदाज. वाईट बारा बाजूला. त्यामुळे बहुतेकांचा रोजचा खेळ हँडिकॅपपेक्षा वाईट होतो आणि ‘आज काहीतरी बिनसलं’ हे वाक्य क्लबात रोज ऐकू येतं. मला त्या बाजूला काढलेल्या बाराच वाचायच्या असतात.

हल्ली मनगटातली घड्याळं आणि क्लबाच्या मुठीत बसणारे सेन्सर ही सगळी मोजणी आपोआप करतात. जावयाने वडिलांना एक घेऊन दिलंय. ते अंतर माझ्या पावलांपेक्षा अचूक सांगतं, यात वाद नाही. पण सुखोई गेलं ते त्याला कळत नाही आणि साहेबांनी सात मागून सहा घेतला तेही कळत नाही. त्यामुळे वही चालू आहे. आता मी सोलापुरात असलो तरी फेरी झाल्यावर साहेबांचा फोन येतो आणि मी चादरीवर वही पसरून ते सांगतील तसं लिहून घेतो. आमचा पत्रव्यवहार म्हणा, सोयरीक म्हणा, तिचं बरंचसं काम हे फोनच करतात. दोन बाप्ये एरवी एकमेकांशी काय बोलणार?

सध्या मात्र वाद पेटलाय. गेल्या फेरीत साहेबांचा टीवरचा बॉल उजवीकडच्या झाडाच्या खोडाला लागला आणि टप्पा घेत परत मधोमध येऊन थांबला. तिथून ग्रीन स्वच्छ दिसत होतं. साहेबांचं म्हणणं, ‘दुसरा फटका मारता आला ना? मग “हो”च लिहा.’ नियमाने त्यांचं बरोबर आहे, प्रश्न मीच तसा ठेवलाय. माझं म्हणणं, तो बॉल झाडात गेला होता, तपासणीत डाग धुऊन निघाला तरी तेल कुठून गळतंय ते बघावंच लागतं. मी नवा रकाना सुचवला : ‘झाड’. साहेब म्हणाले, ‘मग डाव्या बाजूच्या झाडांना वेगळा हवा, ती जास्त वाईट आहेत.’ त्यावर विहीणबाई मागून काहीतरी म्हणाल्या आणि फोन ठेवला गेला. रकाना अजून कोरा आहे.